सात नंबरचा कॅन

सात नंबरचा कॅन तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मी फॅटच्या नळ्या धूत होते. खाजाभाई ड्रायव्हरनं तो गाडीतून उतरवला, झाकणाला बांधलेली चिठ्ठी माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "पढ लो बाई. फिर खट्टा."

चिठ्ठी दूध थंड करणाऱ्या चिलिंग सेंटरची. तिच्यात एकच शब्द होता, आंबट. चाळीस लिटर दूध ओढ्यात ओतायचं. दुष्काळातून वाचलेल्या म्हशींचं दूध, बायकांनी कडबा डोक्यावर आणून काढलेलं.

सोसायटीचे चेअरमन आण्णा ओट्यावर बसले होते. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"चिलिंगवाल्यांनी निरोप धाडलाय," ते म्हणाले. "चौथा कॅन आंबला तर आपल्या गावाकडं गाडी वळायची न्हाय. ह्या खोलीत तुमी दोघं. चुकी कुनाची ते हुडका. न्हायतर बाजाराच्या दिवशी म्या एकाला काढतो."

दोघं म्हणजे मी आणि दिगंबर. बाजाराला चार दिवस होते.

आमचं गाव भूमपासून दोन कोसांवर. मोठ्या दुष्काळात मी तिथंच रस्त्यावर खडी फोडली. पाऊसपाणी झाल्यावर दुधाची सोसायटी निघाली आणि चौथी पास म्हणून मला संकलन केंद्रात घेतलं. संकलन म्हणजे गावचं दूध एका ठिकाणी गोळा करून गाडीत घालणं. माझं वय तेव्हा तिशीच्या अलीकडं. नवऱ्यानं टाकून सात वर्षं झाली होती. त्यानं दुसरी केली होती, पण मला काडीमोड दिला नव्हता आणि त्याशिवाय पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावता येत नव्हतं. म्हणजे मी धड त्याची नाही आणि धड मोकळी नाही.

काम असं. बाई चरवी घेऊन येते. आधी लॅक्टोमीटर सोडायचा. ती काचेची नळी दुधात तरंगते. पाणी घातलेलं असेल तर खाली बुडते. पण नुसत्या लॅक्टोमीटरवर भरवसा ठेवता येत नाही. साय काढून घेतली की दूध जड होतं. मग त्यात पाणी घातलं की नळी बरोबर रेघेवर येते. दोन चुका मिळून एक बरोबर दिसतं. म्हणून फॅट काढायची. दूध आणि ॲसिड एका जाड नळीत घालून मशीनमध्ये हातानं गरागरा फिरवायचं, की साय वेगळी होऊन वर येते. तिथं खोटं चालत नाही.

फॅट काढायला दिगंबर आला तो येरमाळ्याच्या बाजूचा. त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला कुंकवाचा मळवट, डाव्या हातात हिरव्या बांगड्या. केस कमरेपर्यंत, त्यांचा अंबाडा. मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. आमच्या भागात अशांना आराधी म्हणतात. देवीला वाहिलेलं माणूस. बाई असते तसा पुरुषही असतो.

पहिल्या दिवशी गावात कुरकूर झाली. टाकलेली बाई आणि बाहेरगावचा माणूस, एवढ्याशा खोलीत कसे बसवायचे? आण्णांनी एका वाक्यात मिटवलं. "आरं त्यो आराधी हाय. त्याला बायाचं काय?" लोक हसले आणि पटलं सगळ्यांना. माझ्या भावालाही पटलं. मलाही पटलं. त्याच्या बांगड्या, त्याचं बायकांच्या ओळीत बसून गाणी म्हणणं, त्याचा हलका हात, सगळं जुळत होतं. त्याला बायकांत रस नाही आणि असलाच तर पुरुषांत असेल, हे गावानं ठरवून टाकलं. त्याला कुणी विचारलं नाही.

मी परक्या पुरुषाला कधी अरेतुरे केलं नाही. दिगंबरला दुसऱ्या दिवसापासून केलं. तो मला "सोजरबाई, तुमी" म्हणायचा आणि मी त्याला "दिग्या, नळी दे." नवरा कसा घोरायचा तेही मी त्याला सांगितलं. महिन्याच्या दुखण्याचंही सांगितलं. त्यानं ओवा खायला सांगितला.

दीड वर्ष बरं गेलं. मग माझं डोकं फिरलं.

त्याला कारण खाजाभाई. रोज सकाळी नऊला त्याची गाडी यायची. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. गाडी थांबली की दिगंबर हातातलं टाकून केबिनमध्ये चढायचा. दोघं हळू बोलायचे. खाजाभाई त्याला बार्शीहून केसांचं तेल आणून द्यायचा. एकदा शिंगाची फणी आणली. चरव्या घेऊन उभ्या असलेल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या.

"आराध्याचं मन बसलं ग डायवरवर."

त्या हसायच्या. मी पण हसायचे आणि मशीन इतकं जोरात फिरवायचे की एकदा नळीचं बूच उडालं आणि ॲसिड लुगड्यावर सांडलं.

मला त्या फणीचा राग आला होता. तेलाच्या वासाचा राग यायचा. त्याला बाईचं काही नाही हे माहीत असून मी जळत होते, म्हणजे सवतही पुरुष आणि त्याच्याशी भांडायला तोंडही नाही. गाडी आली की मी मुद्दाम काम काढायचे. "दिग्या, ह्या नळीत रेघ नीट दिसंना." "दिग्या, नोंदवही कुठं ठेवलीस?" तो यायचा, दोन मिनिटांत करून द्यायचा आणि परत केबिनमध्ये. मी वहीत बायकांची नावं लिहायचे, पण डोळे केबिनवर.

हे सगळं घरी येऊन मी शेवंताला सांगायचे. शेवंता माझी खडीवरची जोडीदारीण. लग्न केलेलं नव्हतं. तीन स्थळं आली, तिन्ही तिनं मोडली. तोंडाची तिखट, अंगानं दणकट. आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली होती आणि एक म्हैस. एका ताटात जेवायचो. रोज संध्याकाळी ती माझी वेणी घालायची. म्हैस ती बघायची. खोली केंद्राच्या समोरच होती म्हणून ती सगळ्यात शेवटी दूध घालायची आणि मग कॅनची झाकणं दाबून बसवायची. झाकण घट्ट बसवायला ताकद लागते. गावात ती ताकद तिच्यात होती. तिला त्याचं कुणी काही देत नव्हतं. माझ्यासाठी करायची.

"आज बी केबिनीतच बसला का त्यो?" ती विचारायची.

"बसला की. लाज न्हाय."

"मंग तुज्या पोटात का दुखतंय?"

"माज्या कशाला दुखंल? काम पडून ऱ्हातं."

ती माझे केस जरा जास्तच ओढायची.

तर तिसरा कॅन परत आल्यावर आम्ही चुकी शोधायला बसलो. आधी कॅन बघितले. दिगंबरनं सातही कॅन सोड्याच्या कढत पाण्यानं स्वतः घासले आणि उन्हात पालथे घातले. मग प्रत्येक चरवीतलं दूध परीक्षानळीत घेऊन चिमणीवर उकळलं. दूध आतून आंबत असेल तर उकळताना फाटतं, आंबट नसेल तर फाटत नाही. सदुसष्ट चरव्या तपासल्या. एकही फाटली नाही. बायका वैतागल्या. एकीनं विचारलं, "आमची लेकरं बी उकळून बघतासा का?"

"दूध इथं गोड हाय," दिगंबर म्हणाला. "इथून निघाल्यावर बिघडतंय."

मला तेच ऐकायचं होतं. इथून निघाल्यावर दूध कुणाच्या हातात असतं? खाजाभाईच्या. मी दोन-तीन जणांना विचारलं. गाडी चिलिंगला जाताना वाटेत एका गावात रोज थांबते, असं कळलं. चैताचं ऊन तोंडावर आलेलं, पत्र्याची गाडी. दूध नासायला एवढं पुरे. ड्रायव्हर बदलला तर आमच्या दोघांचीही नोकरी वाचत होती आणि तो मिशीवाला माझ्या डोळ्यांपुढून जात होता. मला हे इतकं आवडलं की मी पुढं विचार केला नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी आण्णा आले तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं. "आण्णा, गाडी उन्हात थांबती. ह्यांना इचारा का थांबती."

आण्णांनी विचारलं. खाजाभाईनं नाकारलं नाही.

"थांबता. रोज पाच मिनट. झाड के नीचे."

"कशापायी?"

खाजाभाईनं दिगंबरकडं बघितलं. दिगंबर बांगड्या मागं-पुढं करत होता.

"बोलू क्या रे?" खाजाभाईनं विचारलं. "बोलताच. नोकरी का सवाल है. इस बाई का पुराना मरद उस गाव में रहता. उसके पास काडीमोड मांगने कू मैं जाता था. तीन महिने पीछे लगा. वो बाजार कू जाने कू मेरी गाडी में बैठता था, मैंने वो भी बंद कर दिया. बोला, पहले अंगूठा दे. कल पंचों के सामने दिया."

त्यानं केबिनमधून घडी केलेला कागद आणला. मी वाचला. माझं नाव बरोबर लिहिलं होतं. खाली नवऱ्याचा अंगठा आणि पंचांच्या सह्या.

आण्णा म्हणाले, "खाजाभाई, तुला हिच्या काडीमोडाचं काय पडलंय?"

"मेरेकू कायका? इसकू पडेला है."

"दिगंबर, तुला कशाला?"

"पाट लावायला," दिगंबर म्हणाला.

"कुनासंगं?"

"माज्यासंगं."

आण्णा त्याच्या बांगड्यांकडं बघत राहिले. "आरं पन तू तर..."

"म्या तर काय?"

"तू देवीचा."

"देवीचा हायच. म्या ल्हान असताना आजारी पडलो, तवा आईनं बोलून ठिवलं व्हतं. पाच वर्सं केस, माळ, बांगड्या. ह्या चैती पुनवंला फिटतंय. नवस आईचा, हात माजा."

"मंग दीड वर्सात बोलला का न्हाईस?"

"इचारलं कुनी? तुमीच ठरीवलं. आन् तसं ठरीवलं नसतं तर मला ह्या खोलीत बसू दिलं असतं का, आण्णा?"

आण्णांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली. खाजाभाईला तोवर बायकांच्या हसण्याचा अर्थ लागला होता. तो माझ्याकडं वळला.

"बाई, तुम मेरेकू क्या समझी थी? घर में चार बच्चे हैं मेरे. मेरी औरत कू मत बोलना, वो भी जलेगी."

मी आत जाऊन मशीन पुसत बसले. पुसायची गरज नव्हती. दीड वर्षात काय काय बोलले ते एकेक आठवत होतं. नवऱ्याचं घोरणं. ओवा.

थोड्या वेळानं दिगंबर दारात उभा राहिला.

"मला कुनी इचारलं?" मी म्हणाले.

"आता इचारतो. कागद नसताना इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हनला असता. मंग ती न्हाय मनातली का नवऱ्यामुळं, ते कळलं नसतं. आन् दुसरं बी एक व्हतं. मला वाटायचं तुमचं मन शेवंताबाईवर हाय."

"म्हंजी?"

"जसं माजं खाजाभाईवर हाय तसं." तो हसला. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. "एक ताट, एक खोली. लई जळलो म्या. वेणी बघून बी जळायचो."

मला हसू आलं. "शेवंता? तुजं डोस्कं फिरलंय."

तो हसला नाही. "तुमच्या मनात न्हाय ना, मंग झालं. त्यांच्या मनातलं म्या सांगनार न्हाय." मग म्हणाला, "पाच मिनटं झाडाखाली थांबून दूध फाटत न्हाय, सोजरबाई. फाटायचं तर सातही फाटलं असतं. सातच नंबर का?"

सात नंबर सगळ्यात शेवटी भरतो. त्यात शेवटी येणाऱ्यांचं दूध असतं. त्यावर झाकण बसतं तेव्हा दिगंबर केबिनमध्ये असतो आणि माझे डोळे केबिनवर. हे मला त्याच वेळी कळलं होतं. तरी मी तासभर सात नंबरच्या कॅनला कुठं भोक आहे का ते शोधत बसले.

दुपारी घरी गेले तर शेजारीण दारातच भेटली. म्हणाली, "सोजर, आठ दिस झालं, शेवंता ताक देईना. घुसळनं बंद केलं का?" बंद केलेलं नव्हतं. मी फळीमागचं गाडगं ओढलं. तीन-चार दिवसांचं ताक होतं. वासानंच दात आंबले.

शेवंता उंबऱ्यात बसून ज्वारी पाखडत होती.

"हे कुनासाठी?"

"सात नंबरसाठी," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"किती घालतीस?"

"तांब्याभर. हे तीन दिस तुमी दोघं कॅनपाशीच, घालता आलं न्हाय."

"कशापायी?"

"दूध नासलं की आण्णा एकाला काढनार, हे आधीच ठाऊक व्हतं. गावातल्या बाईला काढत न्हायत, बाहेरच्याला काढतेत."

"आन् मला काढलं असतं तर?"

"तर तू घरी बसली असतीस. म्या दोघींचं केलं असतं. मला दोन्ही चालत व्हतं." सूप हलतच होतं. "तू रोज येऊन त्या डायवरवर जळतीस. म्या हितं समोर बसलेली आसते."

मी गाडगं खाली ठेवलं.

"तीन स्थळं मोडली म्या," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, नवरे वंगाळ व्हते?"

मी कामाला लागल्यापासून शेकडो चरव्या पारखल्या होत्या. समोरच्या बाईचं तोंड बघून दुधात पाणी आहे का ते सांगायचे. आणि सात वर्षं एका ताटात जेवून मला हे कळलं नव्हतं. गाव ज्याच्याकडं बोट दाखवत होतं त्याचं तसं काहीच नव्हतं. जिचं होतं तिच्याकडं कुणी मान वळवून बघितलं नाही, कारण दोन बायका एकत्र राहिल्या की लोक म्हणतात, बरं झालं, सोबत झाली.

मी गाडगं उचललं आणि ताक उकिरड्यावर ओतलं.

"आण्णाला सांगनार?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"मंग उद्या?"

"उद्या झाकनं म्या लावते."

तिनं मान हलवली. संध्याकाळी तिनं वेणी घातली नाही. मीही बसले नाही.

बाजाराच्या दिवशी सातही कॅन गोड गेले. आण्णा आले. त्यांनी विचारलं, चुकी सापडली का?

"सापडली," मी म्हणाले. "झाकनं बघायचं काम माजं. माजं ध्यान दुसरीकडं व्हतं. चुकी माजी."

यात खोटं काही नव्हतं. दिगंबरनं तोंड उघडलं.

"तुमी गप बसा," मी म्हणाले.

ओट्याखाली चरव्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. दीड वर्षाचा दिग्या एका रात्रीत "तुमी" झाला होता. आता त्यांना आणखी काही सांगायची गरज राहिली नाही. आण्णांनी माझं नाव कमी केलं.

चैती पुनवेला येरमाळ्याच्या यात्रेत दिगंबरनं सगळ्यांबरोबर रानात चुनखडी वेचली, देवीला वाहिली आणि केस उतरवले. बांगड्या त्याच्या आईनं उतरवल्या. बोडकं डोकं फार वाईट दिसत होतं. आठ दिवसांनी आमचा पाट लागला. खाजाभाईनं गाडी धुऊन आणली होती. शेवंता आली नाही. तिची म्हैस व्यायला झाली होती. ती खरंच झाली होती, मी नंतर चौकशी केली.

आण्णांपुढं नवीन अडचण आली. दिगंबर आता पुरुष झाला होता. त्याच्या खोलीत बाई कोण बसवायची? कुणाचाही नवरा तयार होईना. शेवटी शेवंताच म्हणाली, "म्या बसते. मला काय त्याचं?" आण्णांना ते लगेच पटलं. तिच्या वाटेला कुठला पुरुष जातो?

दोघांनी त्या खोलीत नऊ वर्षं काम केलं. पहिलं वर्ष ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. नंतर भांडू लागली, म्हणजे जमलं. तिचा हात मशीनवर माझ्यापेक्षा चांगला बसला. एकही कॅन परत आला नाही. पुढं शेजारच्या गावात केंद्र निघालं, तिथं मला घेतलं. तिथल्या बायका मला कानात सांगायच्या, "सोजरबाई, तुमचा मालक आन् ती शेवंता दिसभर एका खोलीत. नजर ठिवा." मी ठेवली नाही. त्या दोघांचा मला कधीच मत्सर वाटला नाही. त्या खोलीत मत्सर करायचा कुणाला हक्क असेल तर तिला होता, आणि तिनं तो एका आठवड्यात उरकला होता.

नव्या पोरी शिकायला यायच्या तेव्हा मी त्यांना एवढंच सांगायचे. लॅक्टोमीटर रेघेवर आला म्हणून लगेच ओतू नका. गाव सगळं त्या रेघेवरच पारखतं. फॅटची नळी फिरवून बघा.

आणि दुसरी गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. शेवंतानं सात नंबरमध्ये ताक घातलं ते सगळ्यांचं दूध भरून झाल्यावर. तिच्या स्वतःच्या चरवीत कधी थेंबभर पाणी नव्हतं. वही माझ्याच हातची आहे, मी बघितली. त्या आठवड्यातही गावात सगळ्यात जास्त फॅट तिच्या म्हशीची होती.